तळीराम आणि दिलाराम

३१ डिसेंबर जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांत एक शब्द हटकून येतो. तळीरामांवर पोलिसांची नजर, तळीरामांना लगाम, अमुक इतके तळीराम ताब्यात. शाळकरी पोरही या शब्दाचा अर्थ सांगते. पण तळीराम हे राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकातल्या एका कारकुनाचे नाव आहे, हे विचारले तर शिक्षकांच्या खोलीतसुद्धा शांतता पसरते. आम्ही विचारून पाहिले आहे. 'एकच प्याला' या नाटकात दारूपायी उद्ध्वस्त होतो तो सुधाकर. मूल जाते त्याचे, बायको जाते त्याची, नायकही तोच. तरी दारुड्याला कोणी 'सुधाकर' म्हणत नाही. शंभर वर्षांत मराठी भाषेने नायकाला बाजूला ठेवले आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव उचलले.

हे असे का झाले असेल, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू शिकवतो, आणि मराठीचे काही तासही आमच्याकडे आहेत. घर कसबा पेठेत, कागदीपुऱ्यात. पेशवाईत हाताने कागद बनवणाऱ्या कागदी मंडळींची ही वस्ती. आता कागद कोणी बनवत नाही, नाव तेवढे उरले आहे. (वाचकांनी आमच्या 'आम्ही'ला मोठेपणा समजू नये. घरात 'हम' बोलायची सवय. मराठी लिहिताना 'मी' लिहिले की कोणी तरी एकटेच बोलते आहे असे वाटते.)

'एकच प्याला' आम्ही प्रथम वाचले ते बी.एड. करताना. त्याआधी बी.ए.ला इम्तियाज अली ताज यांचे 'अनारकली' होते. एकामागोमाग एक ही दोन नाटके वाचल्यामुळेच आमच्या डोक्यात ती शेजारी शेजारी जाऊन बसली असावीत. काळही जवळचा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिनाभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. लिहिणाऱ्याने आपले नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही. ताज यांनी 'अनारकली' लिहिले १९२२ मध्ये, लाहोरला. नाटक मंडळ्यांनी त्यात बदल सुचवले, ते ताज यांना मानवले नाहीत, आणि हे नाटक रंगमंचापेक्षा पुस्तकातच जास्त जगले. मराठीतले नाटक आधी रंगभूमीवर गाजले, उर्दूतले आधी वर्गात. आमच्या दोन्ही भाषांच्या स्वभावात हा फरक आहे, पण तो विषय वेगळा.

शोकांतिकेला उर्दूत 'अलमिया' म्हणतात. अलम म्हणजे दुःख. मराठी शब्दात मात्र शेवटही सांगितला आहे: शोक आणि अंत. म्हणजे मराठी वाचकाला नाव ऐकूनच कळते की हे कुठे जाणार. उत्सुकता उरते ती एवढीच, की तिथे नेणार कोण?

तळीराम सुधाकराला तिथे नेतो, असे आपण समजतो. सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे, शून्यातून वर आलेला आहे. कोर्टात नव्या मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, अपमानाने त्याचे डोके फिरते. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम त्याला सांगतो की विसरायचा एक उपाय आहे. एक पेला. बस्स, एवढेच तळीरामाचे काम. यापुढे नाटकात तो असतो, 'आर्य मदिरा मंडळ' काढतो, बरळतो, लोकांना हसवतो, पण पहिला पेला पुढे करण्याचे काम एकदाच झालेले असते. नंतरचे पेले सुधाकर स्वतःच भरून घेतो.

त्यात एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. तळीरामाचे सुधाकराशी वैर नाही. मालकाचे वाईट व्हावे असे त्याला वाटत नाही. त्याला त्यातून पैसा मिळवायचा नाही, सिंधूवर त्याची नजर नाही, सूड घ्यायचा नाही. जे औषध तो स्वतःला रोज देतो तेच तो मालकाला देतो. म्हणूनच तो खलनायक वाटत नाही आणि प्रेक्षक त्याच्यावर हसतो. मदिरा मंडळाच्या प्रवेशांत थिएटर हसून लोटपोट होते म्हणतात. गडकरी मूळचे विनोदी लेखक, 'बाळकराम' या नावाने त्यांनी खूप हसवले आहे. त्यांना हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? जो माणूस घर बुडवतो आहे त्याच्याकडे पाहून आपण तिकीट काढून हसतो. मोहल्ल्यातही असेच असते. पिऊन गटाराच्या काठाने चालणाऱ्या माणसाची पोरे नक्कल करतात, मोठी माणसे ओट्यावरून हसतात. रडतात ती त्याच्या घरात.

दिलारामचे प्रकरण अगदी उलटे. ती अकबराची आवडती कनीज होती. आजारी बहिणीला बघायला म्हणून ती रजेवर जाते, तेवढ्यात नादिरा नावाची दुसरी कनीज बादशहाच्या डोळ्यांत भरते आणि 'अनारकली' होते. परत येऊन पाहते तो दिलारामची जागा गेलेली. (रजेवरून परत आल्यावर जागा गेलेली पाहण्याचे दुःख शिक्षकी पेशातल्या कंत्राटी मंडळींना समजावून सांगावे लागणार नाही.) पुढे सलीम आणि अनारकलीचे गुपित तिला कळते. आणि मग ती डाव रचते. जश्नाच्या रात्री बैठकीची मांडणी अशी करते की सलीमचे इशारे बादशहाला आरशात दिसावेत. अनारकलीला नशा आणणारे पेय मिळेल अशी तजवीज करते. अनारकली भान विसरून सलीमकडे पाहून गाते, बादशहा आरशात पाहतो, आणि नाटक संपल्यातच जमा होते. के. आसिफ यांच्या १९६० च्या 'मुघल-ए-आझम' चित्रपटात हेच काम 'बहार' करते. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून जास्त सांगत नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल, दिलारामच्या हातातही एक पेलाच आहे. तळीराम आपुलकीने देतो, दिलाराम जळफळाटाने. पण वस्तू तीच. आणि नावेसुद्धा पाहा. दिलाराम म्हणजे दिलाला आराम देणारी. तळीरामाचेही म्हणणे तेच, मनाला आराम देतो. यात काही अर्थ शोधू नये, पण आम्हांला ही गंमत पहिल्या वाचनापासून सोडत नाही.

परीक्षेत 'अनारकली'वर एक प्रश्न हमखास असायचा: हा अलमिया कोणाचा? अनारकलीचा, सलीमचा की अकबराचा? टीकाकारांनीही यावर पुष्कळ लिहिले आहे. आम्ही अकबराच्या बाजूने उत्तर लिहून चांगले गुण मिळवले. दिलारामचे नाव त्या प्रश्नात कधीच नसायचे. तिने आरसे मांडले खरे, पण आरशात पाहणारा बादशहा होता, आणि भिंतीत चिणण्याचा हुकूम देण्याची ताकद फक्त त्याच्याकडे होती. दिलारामने हाच डाव एखाद्या न्हाव्याच्या किंवा लोहाराच्या घरी टाकला असता तर फार तर भांडण झाले असते, दोन दिवस अबोला राहिला असता. दुय्यम पात्राला शोकांतिका घडवायला समोर तख्त लागते. खुद्द ताज यांनी लिहून ठेवले आहे की या कथेला इतिहासात आधार सापडत नाही. कथा खोटी असेल, पण तख्ताचा हा हिशेब खोटा नाही.

आणि सुरैया? अनारकलीची ती छोटी बहीण. बहिणीच्या प्रेमाचा तिला केवढा आनंद! सलीम आणि अनारकलीची भेट व्हावी म्हणून तीच धडपडते. तिने मध्यस्थी केली नसती तर दिलारामला चोरून पाहायला काही मिळालेच नसते. पण सुरैयाला कोणी दोष देत नाही, देऊही नये. आम्ही एवढेच म्हणतो की नाटकाला आपल्या मनातल्या चांगल्या-वाईटाशी कर्तव्य नसते. कोणी दार उघडले एवढेच ते लक्षात ठेवते.

शेक्सपिअरकडे तर अशी पात्रे ढिगाने आहेत. 'ऑथेल्लो'मधली एमिलिया हातरुमाल उचलते आणि नवऱ्याच्या हवाली करते. तो कशासाठी हवा हे धसाला लावून विचारत नाही. शेवटी सत्य सगळ्यांसमोर तीच ओरडून सांगते आणि त्यापायी जीव गमावते. पण तोवर डेस्डेमोना गेलेली असते. मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी हेच नाटक १८९० मध्ये 'झुंझारराव' म्हणून आणले. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये तर एक फकीर आहे, फ्रायर जॉन. त्याच्याकडे एक चिठ्ठी पोहोचवण्याचे काम असते. प्लेगच्या संशयाने त्याला एका घरात कोंडतात, चिठ्ठी पोहोचत नाही, आणि दोन तरुण जीव जातात. वाचताना आम्हांला हे ओढूनताणून आणलेले वाटायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या पेठांतल्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद झाल्या, पलीकडच्या गल्लीतल्या फुफूंची औषधे आमच्याकडे पडून राहिली, तेव्हा तो फकीर कळला.

एवढे सगळे आम्ही वर्गात कधी बोललो नव्हतो. बोलायची वेळ आली ती सालाना जलशात नववीच्या मुलींनी मराठी नाटक करायचे ठरवले तेव्हा. नेहमीचे हुंडाबंदीचे किंवा झाडे लावण्याचे नाटुकले त्यांना नको होते. आम्ही 'एकच प्याला'तले दोन प्रवेश निवडले, भाषा सोपी केली, काही वाक्ये उर्दूत केली. लगेच कुरकुर सुरू झाली. उर्दू शाळेत दारूचे नाटक? एक पालक आम्हांला भेटायला आले. म्हणाले, "आपा, जो चीज हराम है वो बच्चियों के हाथ में क्यूँ देते?" बोलणे अदबीचे होते आणि चूकही नव्हते. आम्ही सांगितले की हराम आहे हे या मुलींना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. हराम असूनही ती घरात कशी शिरते, हे मात्र मदरशात किंवा शाळेत कोणी सांगत नाही. शेवटी तोड निघाली. बाटली दाखवायची नाही. पेल्यात रूह अफ्जा. सुधाकर झालेल्या मुलीने सरावातच तीन पेले संपवले, तेव्हा रिकाम्या पेल्यावर आलो.

निवडलेल्या प्रवेशांत पहिला होता तो लोक सहसा लक्षात ठेवत नाहीत. सुधाकर मध्ये एकदा खरोखरच दारू सोडतो. शुद्धीवर येतो, कमवून खाईन म्हणतो आणि कामाच्या शोधात बाहेर पडतो. जे भेटतात ते त्याला ओळखतात. दारुड्या म्हणूनच ओळखतात. कोणी टोमणा मारतो, कोणी विश्वास ठेवत नाही, कोणी हाकलतो. तो परत पेल्याकडे जातो. आमच्या मते नाटकाचा निकाल तिथे लागतो. तळीराम तर नाटक संपण्याआधीच मरतो. डॉक्टर आणि वैद्य त्याच्या खाटेशी भांडतात, प्रेक्षक हसतात, तो मरून जातो. पहिला पेला देणारा गेला तरी शोकांतिका थांबत नाही. मग ती पुढे नेली कोणी? ज्यांची नावेही प्रेक्षकाला आठवत नाहीत अशा त्या दोन-चार माणसांनी. पण त्यांच्या नावाचा शब्द मराठीत रूढ झाला नाही. झाला असता तर आपल्यातल्या पुष्कळांना तो लागू पडला असता.

इथे आमच्या घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमचे खालाजाद भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होते. जुजबंदी त्यांच्यासारखी कोणाला जमत नसे. फर्मे शिवताना त्यांचा हात पाहावा. आमची बी.ए.ची सगळी फाटकी पुस्तके त्यांनी शिवून दिली. 'अनारकली'ला लाल कापडी पाठ लावली, ती अजून शाबूत आहे. कारखान्यात चिकटवून बांधणी करणारी यंत्रे आली, शिवणाऱ्या हातांची किंमत कमी झाली. २०१३ मध्ये नव्याने आलेल्या एका तरुण व्यवस्थापकाने चारचौघांत त्यांना काहीतरी लागेल असे बोलले. भाईजान कात्री टेबलावर ठेवून घरी आले ते परत गेले नाहीत. त्यानंतरच्या महिन्यांत कधीतरी त्यांचा लहानपणचा दोस्त, रिक्षा चालवणारा, त्यांना नदीकाठी घेऊन गेला. पहिला पेला तिथे.

चार वर्षांत सगळे झाले. मध्ये एकदा त्यांनी सोडली. शेख सल्ल्याच्या दर्ग्यात कसम घेतली आणि आठ महिने पाळली. ते आठ महिने आम्ही जवळून पाहिले आहेत. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. जुन्या कारखान्यात गेले. बसवून घेतले, चहा दिला, काम दिले नाही. नात्यातल्या एका दुकानात गेले. तिथे काम मिळाले, पण गल्ल्याजवळ त्यांना एकटे सोडायचे नाही अशी नोकराला ताकीद होती, आणि ती त्यांच्या कानावर गेली. एका ठिकाणी रमजाननंतर बघू म्हणाले, रमजाननंतर बकरीदनंतर बघू म्हणाले. कोणी वाईट बोलले नाही. आपल्या बिरादरीत तोंडावर वाईट बोलत नाहीत. आठ महिन्यांत ज्या एका माणसाने त्यांना हातात काही दिले तो तोच दोस्त. रात्रपाळीला आपली रिक्षा त्याने भाईजानना चालवायला दिली, भाडे न घेता. रिक्षाचा खोकाही पुसून देत असे. पण शिवणाऱ्या हाताला हँडल रुचले नाही. एका पावसाळी रात्री ते दोघे पुन्हा नदीकाठी बसले.

२०१७ मध्ये भाईजान गेले. एक्केचाळीस वर्षांचे होते. जनाजा निघाला तेव्हा तो दोस्त गर्दीच्या अगदी मागे, चपला हातात घेऊन चालत होता. घरातल्या बायकांनी त्याला बघून तोंडे फिरवली होती. "उसी ने बिगाडा," हे वाक्य त्या दिवशी आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले! बोलणाऱ्यांत त्या दुकानाचे मालकही होते. कब्रस्तानात आमच्या अब्बांनी मागे जाऊन त्याचा हात धरला, पुढे आणले आणि त्याच्याकडून माती टाकवली. अब्बा कमी बोलतात. त्या दिवशीही काही बोलले नाहीत.

तो दोस्त निर्दोष होता असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पहिला पेला त्यानेच दिला, आणि शेवटच्या काळातही बाटली त्याच्याच रिक्षात असायची. भाषेने तळीरामाचे नाव उचलले त्यात अन्याय झाला असे नाही. पण एका माणसाचे नाव घेतले की बाकीच्यांची सुटका होते, ही सोय त्या शब्दात आहे. तळीरामाचा उपयोग सुधाकराला झाला त्यापेक्षा सुधाकराच्या नातेवाइकांना जास्त झाला असेल.

आता दुसरा प्रवेश. शेवटचा. दारूच्या नशेत सुधाकराच्या हातून मूल मारले जाते, सिंधूलाही मरणाचा मार बसतो. फौजदार जबानी घ्यायला येतो. सिंधू मरता मरता सांगते की आपणच पडलो, नवऱ्याचा दोष नाही. तिला वाचवता आले नाही, पण नवऱ्याला वाचवायला ती खोटे बोलते. मराठी रंगभूमीवर या एका खोट्याने किती डोळे ओले केले असतील! बालगंधर्वांच्या सिंधूवर पिढ्या रडल्या. आम्हीही पहिल्या वाचनात रडलो होतो.

सरावात मात्र कोणी रडले नाही. सिंधू झालेल्या मुलीने वाक्य म्हटले आणि थांबली. "आपा, ये झूठ क्यूँ बोली?" मग सगळ्याच बोलू लागल्या. एक म्हणाली, घर की बात घर में. दुसरी म्हणाली, खरे सांगितले असते तरी मेलीच असती, मग नवऱ्याला फाशी देऊन काय मिळाले असते? तिसरी, जी कधी बोलत नाही, खिडकीशी बसून वहीच्या कोपऱ्यात फुले काढत असते, ती म्हणाली, "गीता कू बुलाओ ना."

गीता म्हणजे तळीरामाची बायको. नवऱ्याचा मार खाल्लेली, घर सोडून सिंधूच्या आसऱ्याला आलेली, तोंडाची फटकळ. नवऱ्याचे वाभाडे काढायला ती घाबरत नाही. सिंधू पतिव्रता म्हणून पूजली गेली, आणि गीतेला टाळ्या मिळाल्या त्या विनोदी पात्र म्हणून. पण त्या घरात दारू काय करते हे सोसून, उघड्या डोळ्यांनी पाहून, मोठ्याने सांगू शकणारी तीच होती. रामलाल शहाणा आहे, विलायतेहून आलेला आहे, पण तो व्याख्याने फार देतो. पद्माकर भाऊ आहे, त्याच्याकडे पैसा आहे, पण सिंधू माहेरची मदत घेत नाही. उरते गीता. मुलींचे म्हणणे असे की फौजदाराने सिंधूऐवजी गीतेला विचारायला हवे होते.

नाटकात तसे नाही, गडकऱ्यांचे नाटक आपण बदलायचे नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. एकीने विचारले, गडकरी रागावतील का? आम्ही म्हणालो, त्यांना आता रागावता येत नाही. त्यांचा संभाजी बागेतला पुतळासुद्धा जानेवारी २०१७ मध्ये लोकांनी उखडून नदीत टाकला, दुसऱ्या एका नाटकापायी. मुली गप्प झाल्या. मग खिडकीतल्या त्या मुलीने सुचवले की नाटक बदलायचे नाही, पण पडदा पडल्यावर गीता एकटी पुढे येऊन उभी राहील. काही बोलणार नाही. फौजदार तिच्या समोरून वही मिटवत निघून जाईल. हे आम्ही मान्य केले.

जलशाला भाभी आल्या होत्या. भाईजानच्या पश्चात त्या घरी पुस्तकांना पुठ्ठे चिकटवण्याचे काम करतात, दोन मुली शिकवतात. त्यांना बोलवावे की नाही याचा आम्ही फार विचार केला होता. कारण एक गोष्ट आम्हांला माहीत होती. २०१६ मध्ये एका रात्री त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावे लागले होते. कपाळाला सात टाके पडले. तिथल्या हवालदाराने विचारले, कसे लागले? भाभी म्हणाल्या, वाड्याचा जिना अंधारा आहे, पाय घसरला. आमच्या वाड्याचा जिना खरेच अंधारा आहे. हवालदाराने लिहून घेतले. भाभींना कोणी 'एकच प्याला' वाचून दाखवले नव्हते. आम्ही शेजारी उभे होतो, हवालदाराने आम्हांला काही विचारले नाही.

प्रयोग चांगला झाला. सुधाकराची मिशी एकदा सुटली, तेवढे सोडले तर सगळे पाठ होते. शेवटी गीता पुढे येऊन उभी राहिली तेव्हा मागच्या रांगांत पुरुष मंडळी उठून चपला शोधू लागली होती, त्यांना वाटले नाटक संपले. ती मुलगी उभीच राहिली. बायकांच्या बाजूला हळूहळू शांतता झाली. फौजदाराने वही मिटली.

भाभी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या. नाटकाबद्दल काही बोलल्या नाहीत. पुस्तक मागितले. त्यांचे शिक्षण उर्दूत सातवीपर्यंत, मराठी वाचायला अडते. तेव्हा रात्री इशानंतर मुली अभ्यासाला बसल्या की आम्ही एक-दोन पाने वाचून दाखवू लागलो. ग्रंथालयाची प्रत जुनी, पाने सुटलेली. दुसऱ्याच दिवशी भाभींनी ती खळ लावून शिवून टाकली. मदिरा मंडळाच्या प्रवेशाला त्या हसल्या, चांगल्या मोठ्याने हसल्या, आणि मग ओढणी तोंडावर घेतली.

तळीराम मरतो तो प्रवेश आम्ही एका शुक्रवारी वाचला. डॉक्टर, वैद्य, भांडण, आणि तो संपला. आम्ही थांबलो. भाभी पुठ्ठ्याला खळ लावत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "इसकी मय्यत कू कौन आया होंगा?"

खाली गल्लीत रिक्षा थांबल्याचा आवाज आला. त्या दोस्ताची रिक्षा. हल्ली भाभींच्या थोरल्या मुलीला क्लासवरून तोच घरी सोडतो. भाभींनी उठून जिन्यातला दिवा लावला.